गोळा आला म्हणून कुणी बुडत न्हाई

आमच्या नांदेडात पोहता येणाऱ्या बायका शोधल्या, तर बहुतेक सगळ्या सबिहा मॅडमच्या हाताखालून गेलेल्या निघतील. मी त्यांच्यातली सगळ्यात ढ. पन्नाशीला आले, गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. मी कॉलेजात भूगोल शिकवते. गोदावरीचं खोरं फळ्यावर न बघता काढते. पण कमरेच्या वर पाणी आलं की माझे हात आपोआप कठड्याची दांडी पकडतात आणि मग सुटता सुटत नाहीत. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझी ती पकड बघितली आणि म्हणाल्या, "मुग्धाताई, भिऊन राहिलाव ना? भ्या खुशाल. फक्त भिता भिता पाय हलवा."

तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, आवाज असा की तलावाच्या भिंतीपलीकडचा ऑटोवाला वळून बघेल. मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा गडद निळा पोशाख आणि डोक्यावर घट्ट टोपी. तो पोशाख त्यांनी स्वतः बेतला होता, कारण त्यांच्या मापाचा आणि त्यांच्या मनासारखा बाजारात मिळतच नव्हता.

त्यांचे वडील खाजामियाँ साड्या रंगवायचे. रंगवलेलं कापड नदीवर नेऊन खळबळायचं, आणि आईविना वाढणारी ही पोर त्यांच्या मागे मागे. एक डोळा कापडावर, एक डोळा पोरीवर असं किती दिवस करणार, म्हणून त्यांनी तिला पोहायलाच शिकवून टाकलं. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. मुलीची जात, भर घाटावर, असं कसं. त्यावर खाजामियाँ म्हणाले होते की ती कापडासंगं वाहून गेली तर तुम्ही आणून देणार हाव का? हा किस्सा मॅडम नव्या बॅचला हमखास सांगायच्या, आणि सांगताना वडिलांसारखीच मान तिरकी करायच्या.

लग्नानंतर पोहणं सुटलं. मग पोहण्याचा तलाव चालवणाऱ्या मंडळाने बायकांसाठी सकाळचा वेळ ठेवला आणि शिकवायला बाई मिळेना. मॅडम आपण होऊन गेल्या. सासूबाई शहजादी महिनाभर बोलल्या नाहीत. नवरा अमान, कूलर आणि मोटारी दुरुस्त करणारा शांत माणूस, एवढंच म्हणाला की घरचं सगळं होणार असेल तर जा. घरचं सगळं व्हायला लागलं. त्यासाठी मॅडमना पहाटेच उठावं लागायचं, इतकंच.

त्यांच्या पोटरीत गोळे येतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वर्षभर येत होते. अंथरुणातून पाय खाली टाकला की पोटरी दगडासारखी घट्ट व्हायची, अंगठा आपोआप खाली वळायचा, आणि त्या तोंडात पदर कोंबून बसायच्या. घरात कळलं तेव्हा उपायांना तोटा नव्हता. सासूबाईंनी कोमट तिळाचं तेल चोळलं. जावेनं पायात काळा दोरा बांधला. अमानच्या दुकानावर कुणीतरी सांगितलं की केळी खा, सगळं केळ्यात आहे. मग अर्धापूरहून येणाऱ्या गिऱ्हाइकाकरवी घडच्या घड यायला लागले. मॅडमनी महिनाभर केळी खाल्ली. गोळे आपल्या वेळेला येतच राहिले. केळी घरातल्यांनाही नकोशी झाली तेव्हा त्यांनी तो विषय बंद केला आणि गोळ्यांविषयी बोलणंही बंद केलं.

मग एप्रिलमध्ये ते घडलं, आणि माझ्यासमोरच घडलं.

त्या दिवशी मॅडमनी मला पहिल्यांदा खोल बाजूला नेलं होतं. ऊन चढलं होतं. आमच्या आधी त्यांनी मुलींच्या दोन बॅचेस घेतल्या होत्या, सगळा वेळ पाण्यात. मी उताणी पडून पाय मारत होते, त्यांचे दोन हात माझ्या पाठीखाली होते. एकदम ते हात निघाले. मी घाबरून ओरडणार, तेवढ्यात त्यांनी मला खांद्याने असा धक्का दिला की मी सरळ कठड्यावर जाऊन आदळले. दांडी पकडून मागे वळले तर मॅडम दिसत नव्हत्या. पाण्यावर फक्त टोपीचा वरचा भाग.

बायकांचा आरडाओरडा ऐकून तलावाचा जीवरक्षक भागवत बाहेरून धावत आला. बायकांच्या वेळेत आत यायचं नाही असा नियम होता. त्याने त्याचा क्षणभरही विचार केला नाही, कपड्यांसकट उडी मारली आणि मॅडमना काखेत धरून काठाला आणलं. त्या खोकत होत्या. एक पाय पोटाशी आवळलेला होता, आणि त्यावरून हात काढायला तयार नव्हत्या.

श्वास जागेवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मी बुडून नव्हते राहिले."

भागवत ओल्या कपड्यांनी बाहेर निघून गेला. एकदोघींनी कुजबुज केली की पुरुष माणूस आत आलाच कसा. ते मात्र मॅडमनी तिथंच तोडलं. त्याने त्याचं काम केलं, त्याच्याबद्दल एक शब्द नको, म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात सांगितलं की पोटरीचा गोळा त्यांनी सांभाळला असता, पण लगेच मांडीही धरली, आणि तेव्हा नाकातोंडात पाणी गेलं. "दोन एकदम कधी आले नव्हते, ताई," एवढं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे सचिव अमृतराव यांनी त्यांना बोलावलं. सोबत मी गेले, कारण घडलं ते मी पाहिलं होतं. अमृतराव निवृत्त इंजिनिअर, बोलायला मृदू, चहा मागवल्याशिवाय कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "मॅडम, तुमच्यावर आमचा राग नाही. पण उद्या तुमच्या हातात कुणाची मुलगी असताना असं झालं तर?"

प्रश्न खरा होता. पण अमृतराव तिथं थांबले नाहीत. त्यांनी सांगितलं की या उन्हाळ्यापुरती बायकांची बॅच बंद ठेवू. तो वेळ ज्येष्ठ पुरुषांचा गट केव्हापासून मागतोय, त्यांना देऊ. आणि शेवटी, अगदी आपुलकीने, म्हणाले की तुमचंही आता वय झालं, घरी आराम करा.

मॅडमनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

"साहेब, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी आणून देते. मला गोळे कामून येतात ते शोधते आणि सांगते. शेवटचं जे बोललाव, ते मी ऐकलं न्हाई."

अमृतरावांनी डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या आणते, पण तोवर आमची वेळ कुणाला द्यायची नाही. त्यांनी ना हो म्हटलं ना नाही. बाहेर आल्यावर मॅडमचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "ज्येष्ठ पुरुष. त्यांना पोहायला गोदावरी न्हाई का?"

त्याच रविवारी मला कॉलेजच्या कामासाठी लातूरला जायचं होतं. मॅडमची मुलगी कशिश तिथं मेडिकलच्या परीक्षेचे क्लास लावून राहिली होती, आणि मॅडम तिला डबा द्यायला निघाल्या होत्या, म्हणून आम्ही एकाच एसटीने गेलो. सबंध प्रवासात स्टीलचा भला मोठा डबा त्यांच्या मांडीवर. त्यात काय आहे ते त्या मला सांगत होत्या. खजूर-तिळाचे लाडू, भिजवून सोललेले बदाम, उकडलेली अंडी, मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी. पोरीचं डोकं चाललं पाहिजे म्हणून. मी माझ्याजवळचं पाणी पुढे केलं तर नको म्हणाल्या. वाटेत कुठं उतरायचं, कुठली स्वच्छ जागा शोधायची, त्यापेक्षा न पिलेलं बरं. माझंही तेच असतं, त्यामुळे मी आग्रह केला नाही.

लातूरला उतरून ऑटोने हॉस्टेलवर गेलो. त्या भागात प्रत्येक भिंतीवर कुठल्या ना कुठल्या क्लासच्या हुशार मुलांचे फोटो. कशिशची खोली वरच्या मजल्यावर. अर्ध्या जिन्यात मॅडम थांबल्या, डबा माझ्या हातात दिला आणि कठड्याला धरून मटकन खाली बसल्या. पुन्हा गोळा. कशिश वरून धावत आली. सडपातळ, चष्मा लावलेली, केसांत पेन खोचलेलं. तिने काही न विचारता आईची चप्पल काढली, गुडघा सरळ केला आणि पायाची बोटं नडगीकडे ओढून धरली. पोटरी हळूहळू सैल झाली. मग तिने विचारलं, "अम्मी, सकाळपासून काय खाल्लं?"

मॅडम म्हणाल्या, चहा झालाय. खारी होती एक.

"आणि पाणी?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी जिन्याकडे बघितलं.

कशिशने डबा उघडला. वरच्या कप्प्यातलं अंडं सोलून आईच्या हातावर ठेवलं. मॅडम म्हणाल्या, तुझ्यासाठी आणलंय, मी घरी जाऊन जेवेन. तेव्हा ती पोर पायरीवर आईसमोर बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली की आधी तू खाणार, नाहीतर हा डबा मी असाच परत देईन. मग तिने तिच्या अभ्यासातलं सांगितलं. आपल्याला वाटतं स्नायू आवळायलाच ताकद लागते. पण आवळलेला स्नायू सोडायलासुद्धा शरीराला शक्ती खर्च करावी लागते. क्षार लागतात, पाणी लागतं. थकलेल्या, उपाशी, तहानलेल्या स्नायूचं ते सोडण्याचं कामच बिघडतं. "तू सगळ्यांना पाण्यात सोडतेस आणि स्वतः पाणी पीत न्हाईस," ती म्हणाली.

मॅडमनी अंडं खाल्लं. मग दुसरं खाल्लं. मग एक लाडू. भूक होती, आणि तिचा त्यांना स्वतःलाच राग येत होता असं दिसलं. जिन्यावरून जाणाऱ्या मुली वळसा घालून जात होत्या. त्या खात राहिल्या.

नांदेडला आल्यावर मी त्यांना डॉक्टर सौदामिनींकडे नेलं. या बाई लिहितात कमी, विचारतात जास्त. गोळा कुठल्या पायात येतो, चालताना येतो की बसल्यावर, पाय सुजतात का, बधिर होतात का, घरी कुणाला साखर आहे का, थायरॉइड, पाळी कशी येते, कुठली औषधं चालू आहेत. पाळीचं विचारल्यावर मॅडमनी सहज सांगितलं की वर्षभर अंगावरून फार जातं, वयामुळे असेल. गोळी एकच चालू होती, रक्तदाबाची. ती पहाटे चहाबरोबर घ्यायच्या. डॉक्टरांनी पाकीट मागून घेतलं, उलटून वाचलं. त्या गोळीत लघवी वाढवून पाणी आणि क्षार बाहेर टाकणारं औषधही होतं. आणि ती घेतल्यानंतर ही बाई दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हती.

पाणी का पीत नाही याचं कारण मॅडम सांगेनात. शेवटी मलाच बाहेर पाठवतील असं वाटलं, पण त्यांनी सांगितलं. तो अंगभर पोशाख सलग एका तुकड्याचा होता. ओला झाला की अंगाला असा चिकटायचा की लघवीला जायचं तर मानेपासून सोलून काढावा लागे आणि तसाच पुन्हा चढवावा लागे. तेवढ्या वेळात पोरी पाण्यात एकट्या. म्हणून पहाटेपासून पाणीच प्यायचं नाही, हा त्यांनी काढलेला मार्ग.

डॉक्टर सौदामिनी हसल्या नाहीत. त्यांनी रक्त तपासायला दिलं. साखर आणि थायरॉइड नीट निघालं. रक्त मात्र फारच कमी होतं आणि ड जीवनसत्त्वही. पुढच्या भेटीत त्यांनी स्पष्ट सांगितलं की पोटरीतल्या गोळ्यांचं एकच एक कारण पुष्कळदा सापडत नाही, कधी कधी काहीच सापडत नाही. पण इथं बोट ठेवायला बऱ्याच जागा आहेत. तासन् तास ताणलेली पोटरी, पंजे टोकदार ठेवून मारलेले पाय, उन्हाळ्यात आटलेलं पाणी, ती गोळी, आणि वर्षानुवर्षं सगळ्यांच्या नंतर उरलंसुरलं खाणं. केळं वाईट नाही, पण एकट्या केळ्यानं हे सगळं कसं भरून निघणार?

मॅडमनी तिथल्या तिथं रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट टोपलीत टाकायला हात उचलला. डॉक्टरांनी तो अडवला. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, मी बदलून देते, आणि पाळीसाठी तपासणी करून घ्यायची. रक्तासाठी लोहाच्या गोळ्या, त्या चहाबरोबर अजिबात नाहीत.

"चहाबरोबर न्हाई तर कशाबरोबर? सकाळी दुसरं काय असतं?" मॅडमनी विचारलं.

"आता असेल," डॉक्टर म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते मला मॅडमनीच सांगितलं. अमानने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की तलाव सोड. तो भांडखोर नव्हता, घाबरला होता. तलावावर ते घडलं त्या दिवशी बाजारात त्याला कुणीतरी सांगितलं होतं की तुझी बायको बुडाली, आणि तो दुकान उघडं टाकून पळत आला होता. मॅडम म्हणाल्या, "मी मरेन म्हणून भिऊन राहिलाव, बरोबर हाय. पण मी पाण्यानं न्हाई, उपाशी राहून मरेन. तलाव सोडून काय फरक पडणार?"

उत्तर सासूबाईंकडून आलं, आणि ते मॅडमना अपेक्षित नव्हतं. शहजादी पलंगावरून म्हणाल्या की माझ्याही पायात आयुष्यभर गोळे आले, मला वाटलं बाईच्या पायात येतच असतात. मग, कुणाकडेही न बघता, म्हणाल्या की उद्यापासून पहिली भाकरी तव्यावरून उतरेल ती हिच्या ताटात.

एका दिवसात सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पहिले काही दिवस मॅडमना आधी जेवताना घास उतरेना, कुणीतरी बघतंय असं वाटायचं. पण चिडून त्या बसायच्या आणि जेवायच्या. सकाळी ज्वारीची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, कधी अंडं, कधी दही. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, जे त्या घरात फक्त आजारी माणसाला मिळायचं. चवळी, पालक, राजगिरा, वर लिंबू पिळून. पाण्याची बाटली हाताला लागेल तिथं. उन्हाच्या दिवशी लिंबू-साखरेचं पाणी, त्यात मीठ अगदी बेतानं, कारण रक्तदाब होताच. दिवसातून दोनतीनदा भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला लावून पोटऱ्या ताणायच्या. सासूबाईही पलंगावर बसल्या बसल्या पंजे वर-खाली करायला लागल्या.

आणि पोशाख. तो त्यांनी कात्रीने कमरेतून आडवा कापला. वरचा भाग लांब केला, खाली घट्ट नाडीची विजार केली. मी म्हटलं, मंडळाच्या नियमात सलग पोशाख लिहिलाय. त्या म्हणाल्या, नियम करणाऱ्यानं तो घालून एक दिवस काढावा, मग बोलू.

इकडे तलावावर आमची बॅच बंद होती आणि ती वेळ ज्येष्ठ पुरुषांना दिली होती. बायकांना फोन आले की पैसे परत घेऊन जा. एकीनेही घेतले नाहीत. कुणी ठरवलं नव्हतं, पण आम्ही आमच्या वेळेला रोज जायला लागलो आणि तिकीट खिडकीच्या सावलीत बसून राहायला लागलो. कुणी भाजी निवडायची, कुणी मुलांच्या वह्या तपासायची. ज्येष्ठ पुरुष यायचे, आमच्याकडे बघायचे, आत जायला संकोचायचे. अमृतराव रोज विचारायचे की तुम्ही इथं का बसता. आम्ही सांगायचो की मॅडमची वाट बघतोय.

मे महिन्यात मॅडम डॉक्टरांचं लिहिलेलं घेऊन आल्या. त्यात आजार, औषध आणि पोहायला हरकत नाही असं सगळं होतं. अमृतरावांनी ते नीट वाचलं. तरी म्हणाले की मला डोळ्यांनी बघायचंय. भागवत सोबत असेल, तुम्ही पूर्ण लांबीच्या फेऱ्या मारून दाखवा.

"फेऱ्या कशाला? मला पोहता येतं हे तुम्हाला माहीत हाय. तुम्ही विचारलं होतं गोळा आला तर काय. ते दाखवते."

त्यांनी आम्हा सगळ्यांना काठावर बसवलं. परीक्षा देऊन कशिश घरी आलेली होती, तीही आली, माझ्याशेजारी बसली. भागवत खोल बाजूच्या काठावर उभा. अमृतराव छत्री घेऊन. मॅडम पाण्यात उतरल्या आणि थेट खोल भागाच्या मध्यावर गेल्या. तिथून आम्हाला ऐकू येईल असं सांगायला लागल्या. गोळा आला की पहिलं, पाय मारणं थांबवायचं. घाबरून जास्त जोर लावला की आणखीच आवळतं. मोठा श्वास छातीत भरायचा, उताणं पडायचं, पाणी उचलून धरतं. मग गुडघा सरळ, बोटं हातानं धरून नडगीकडे ओढायची...

इथं त्यांचा आवाज मध्येच तुटला. चेहरा आकसला. कशिशने माझा दंड पकडला.

"आला," मॅडम म्हणाल्या. "हा खराच हाय."

भागवत पुढे झुकला. मॅडमनी पाण्याबाहेर तळहात काढून त्याला थांबवलं. अमृतरावांच्या हातातली छत्री खाली आली. मॅडम उताण्या झाल्या, डोळे मिटले, एका हाताने पंजा धरला, दुसरा हात पाण्यात सावकाश हलवत राहिला. पाणी त्यांच्या कानांवरून जात होतं, चेहरा वर होता. मला तो वेळ फार मोठा वाटला. मग त्यांनी पाय सोडला, तो पाण्यात सैल लोंबकळू दिला, आणि फक्त हातांनी मागे मागे सरकत काठाला आल्या. दांडी पकडली. धाप लागली होती, पण पाणी प्यायल्या नव्हत्या.

अमृतराव म्हणाले, "म्हणजे अजून बरं झालेलं नाहीच."

"कमी झालंय. रोज यायचा, आता कधीमधी येतो. उद्याही येईल. पण गोळा आला म्हणून कुणी बुडत न्हाई, साहेब. काय करायचं ते माहीत नसलं की बुडतं. मागच्या वेळी मी थकलेली, रिकाम्या पोटी होते, दोन आले, आणि मीही घाबरले. आज घाबरले न्हाई. या बायकांना मी आधी हेच शिकवणार, मग पोहणं."

भागवत तोवर कधीच सचिवांसमोर बोललेला नव्हता. तो म्हणाला, "साहेब, मला भर पाण्यात गोळा आला तर एवढं शांत राहायला जमेल का, सांगता येत न्हाई."

अमृतरावांनी छत्री मिटली. मग म्हणाले की ठीक आहे, पण खोल बाजूला शिकवताना काठावर पोहता येणारी दुसरी बाई हजर पाहिजे, त्याशिवाय नाही. मला वाटलं मॅडम यावरही भांडतील. त्या म्हणाल्या की हे मात्र खरं हाय, हे आधीपासूनच पाहिजे होतं, आणि त्या बाईला मंडळानं नेमावं, फुकटात न्हाई. आणि बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीतल्या संडासाला कडी लावावी, नळाला पाणी सोडावं. अमृतराव हो म्हणाले. एवढं मागून झाल्यावर मॅडम वर आल्या, पायरीवर बसल्या, पिशवीतून डबा काढला आणि सगळ्यांदेखत भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून आमची बॅच सुरू झाली. पहिले काही दिवस आम्ही फक्त उताणं पडून पंजे ओढायला शिकलो. ज्येष्ठ पुरुषांना संध्याकाळची वेळ मिळाली. मी जूनमध्ये खोल बाजू एका दमात पार केली. पलीकडे पोचल्यावर दांडी पकडायची विसरले आणि तोंडात पाणी गेलं, पण पार केली.

कशिशचा निकाल यायचा होता. नातेवाईक फोन करकरून किती मार्क पडतील ते विचारत होते, आणि हॉस्टेलच्या मेसमध्ये भात आणि बटाटा खाऊन ती पार वाळून आली होती. बसून बसून तिच्याही पोटऱ्या भरून यायच्या, असं तिनेच एकदा कबूल केलं. पोहणाऱ्या बाईची मुलगी, पण क्लास आणि अभ्यास यांच्यापायी तिला कधी पाण्यात उतरायला सवड मिळाली नव्हती. एका सकाळी मॅडम तिला हाताला धरून तलावावर घेऊन आल्या. कशिश म्हणत होती की निकाल लागू दे, मग शिकते. अंगावर आईसारखाच दोन तुकड्यांचा पोशाख होता, नवा कोरा, आणि ती तो सारखा खाली ओढत होती.

"निकाल लागायचा तेव्हा लागंल," मॅडम म्हणाल्या. "नाष्टा झालाय ना? मग उतर."